एका एकराची भाकरी

आमच्याकडं तीन एकर रान होतं आणि घरात डाळ नव्हती. शहरातल्या माणसाला हे सांगितलं की तो म्हणतो, असं कसं? असंच. तिन्ही एकरांत बांधाला बांध लावून सोयाबीन. जूनमध्ये पेरायचं, दिवाळीच्या तोंडावर मळणी यंत्रातनं काढायचं आणि पोती टेम्पोत टाकून उमरग्याच्या आडतीवर पाठवायची. आमच्या रानातला एक दाणा आमच्या चुलीपर्यंत पोचायचा नाही. एकदा आईनं सोयाबीनची उसळ करून बघितली होती. दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, एक घास खाल्ला आणि ताट बाजूला सारून म्हणाले, "हे म्हशीला घाल." म्हशीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं.

मग खायचं काय? रेशनचा तांदूळ, रेशनचा गहू, दुकानातली पावशेर डाळ आणि बटाटा. पाहुणा आला की डाळीत पाणी वाढायचं. एकदा संध्याकाळी मामा आले. आईनं माझ्या हातात वाटी दिली आणि सांगितलं, "शेजारच्या काकूकडनं वाटीभर डाळ आण, म्हणावं उद्या देते." मी निघाले तर बोळातच काकूंची सून समोरनं येत होती. तिच्याही हातात रिकामी वाटी. त्यांच्याकडंही पाहुणे आले होते. आम्ही दोघी एकमेकींच्या वाटीकडं बघून हसलो आणि आपापल्या घरी परत गेलो. मामांनी त्या दिवशी बटाट्याचा रस्सा खाल्ला. आई रात्रभर कूस बदलत होती. दोन्ही घरं शेतकऱ्यांची! दोन्ही घरांची रानं हिरवीगार!

आई सगळ्यांत शेवटी जेवायची. जेवायची म्हणजे उरलेला भात आणि चहा. हापशावरनं दोन घागरी आणताना ती मधल्या ओट्यावर बसायची. आरोग्य केंद्रातल्या ताईंनी बोट टोचून बघितलं आणि सांगितलं, रक्त कमी आहे, गोळ्या घ्या, हिरवं काहीतरी खा. हिरवं आणायचं कुठनं? हिरवं होतं ते सगळं सोयाबीन.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. दादांच्या घरातही आणि आईच्या माहेरातही. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते, आणि सांगणारच. उमरग्याला एस.टी.नं जाऊन-येऊन बी.ए. केलं, भूगोल घेऊन. शेवटच्या वर्षी आम्हाला एक प्रकल्प होता: आपल्या भागातली घरं काय पिकवतात आणि काय खातात. मी एक तक्ता केला. पहिल्या रकान्यात खाण्याची जिन्नस, दुसऱ्यात 'घरचं', तिसऱ्यात 'विकतचं'. बरोबरची खूण करायची, एवढंच. आमच्या गावातल्या वीस घरी मी फिरले. ज्वारी, विकत. तूरडाळ, विकत. तीळ, विकत. चटणीचे शेंगदाणे, विकत. तिसरा रकाना खुणांनी भरून गेला आणि दुसरा कोरा राहिला, नाही म्हणायला कुठं दुधासमोर एखादी खूण. मला वाटलं माझा तक्ताच चुकलाय.

मग मी माझ्या एका मैत्रिणीच्या गावी गेले. ते गाव कर्नाटकाच्या हद्दीला लागून. तिथं घरात कानडी, बाजारात मराठी आणि भांडताना दोन्ही. मैत्रिणीच्या आईला सगळं गाव अव्वा म्हणायचं, म्हणून मीही अव्वा म्हणाले. मी दारात उभी राहून तक्त्याची वही काढली, तर त्या म्हणाल्या, "बा यव्वा, कुंद्रू." म्हणजे ये बाई, बस. आणि लगेच मराठीत, "वही ठिव तिकडं. आधी जेव. उपाशी पोटाला काय इचारायचं सुचतं?"

त्या ताटाबद्दल मी आजही कुणाला सांगायला लागले की मधेच उठून उभी राहते. पिवळ्या ज्वारीची भाकरी, हळद न घालता पिवळसर आणि गोड. अंबाडीची भाजी, आंबट, ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली, वर लसणाची फोडणी. कारळाची काळी चटणी. हुलग्याचं माडगं, वाटीतनं पिता येईल असं पातळ आणि गरम. शेजारी ताक. मी खात होते आणि मनात तक्ता भरत होते. शेवटी न राहवून विचारलं, "अव्वा, ह्यातलं विकतचं काय?"

त्या विचारात पडल्या. ताटातल्या एकेका पदार्थावर बोट ठेवत गेल्या. मग म्हणाल्या, "मीठ." आणि थोड्या वेळानं, "अन काडेपेटी."

मी वही उघडली आणि दुसऱ्या रकान्यात पार खालपर्यंत खुणा करत सुटले. वीस घरांत जे सापडलं नाही ते एका ताटात होतं!

जेवण झाल्यावर त्यांनी मला रानात नेलं. ज्वारी नुकतीच निसवली होती, कणसं बाहेर पडली होती, धाटं माझ्या डोक्याच्या वर. पण ती नुसती ज्वारी नव्हती. दर सहा ओळींनंतर एक ओळ मिसळीची. तिला त्या पाटा म्हणत. पाट्यात तूर, मूग, उडीद, चवळी, तीळ, कारळ, अंबाडी आणि मधेच पसरलेला शेंदाडाचा वेल. पुरुष बैलांमागं पेरणीची तिफण हाकतो आणि त्याच्या मागनं बाई ओटीतलं मिसळीचं बी मुठीनं सोडत जाते. ज्वारी घराची आणि पाटा बाईचा. पाट्यातलं काय कधी खुडायचं, हे तिला कुणी विचारत नाही. मूग आधी येतो, मग उडीद, मग तीळ; अंबाडीची पानं मधले सगळे महिने; तूर थेट थंडीत. एक गेलं तर दुसरं येतं. पाऊस लांबला तर मूग रुसतो, पण तूर हसते. असं त्याच म्हणाल्या.

"फवारणी?" मी विचारलं.

"ज्याच्यातनं रोज भाजी खुडायची त्याच्यावर इख मारायचं व्हय ग?" अव्वा म्हणाल्या. "तुला शाळंत काय शिकिवतात?"

निघताना त्यांनी आढ्याला टांगलेली धुरानं काळी झालेली कणसं खाली काढली, चोळली आणि ज्वारीचं बी एका फडक्यात बांधून दिलं. पाट्याची मिसळ वेगळ्या गाठोड्यात. एस.टी.त मी ती दोन्ही गाठोडी मांडीवर धरून बसले. कंडक्टरनं विचारलं, "काय ताई, सोनं हाय काय?" मी म्हणाले, "हां."

घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधीच मी दादांना सगळं सांगून टाकलं. एका दमात. दादा खाटेवर बसून ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "जवारी काढायला माणूस मिळत न्हाय. सोयाबीनला यंत्र येतं. दोन तासांत मोकळं."

"मोकळंच की. रानबी मोकळं अन डबंबी मोकळं," मी म्हणाले.

आई चुलीपुढं होती. तिचा हात थांबला. दादांना असं तोंडावर कुणी बोलत नसे. पण दादा चिडले नाहीत. ते सरळ माणूस. त्यांनी अट घातली आणि ती अट आमच्या घरात पुढं तीन वर्षं रोज उच्चारली गेली.

"एक एकर देतो. वड्याकडंचा. त्या एकरात आपल्या तिघांची वरीसभराची भाकरी निघाली पाह्यजे, अन डाळ. वरीसभर दुकानातनं जवारी आणायची न्हाय अन डाळ आणायची न्हाय. निघाली तर तो एकर तुझ्या आईचा, कायमचा. काय पेरायचं ते ती ठरविल. न्हाय निघाली तर परत सोयाबीन, अन परत ह्या घरात जवारीचं नाव काढायचं न्हाय."

माझा भाऊ पुण्याला कंपनीत, म्हणून आम्ही तिघंच. एक एकर, तीन माणसं, एक वर्ष. मी हो म्हणाले. इतक्या पटकन की आईनं कपाळाला हात लावला.

आम्ही मृगात पेरलं. दादांनी तिफण शेजारच्या गावातनं मागून आणली, कारण आमच्या गावात ट्रॅक्टरची पेरणी, तिफण कुणाकडं उरलीच नव्हती. आई ओटीत मिसळ घेऊन मागनं चालली. तिनं हे लग्नाआधी माहेरी केलं होतं. मूठ कशी धरायची, बी दोन बोटांतनं कसं सोडायचं, तिला काहीच सांगावं लागलं नाही. पाराच्या कट्ट्यावर चर्चा झाली. एक काका रस्त्यात थांबवून म्हणाले, "काय ग, कॉलेजात जाऊन जवारी पेराय शिकलीस व्हय?"

"व्हय काका," मी म्हणाले. "तुमी कॉलेजात न जाताच इसरलाव."

मूग आला. उडीद आला. आई रोज सकाळी रानात जायची आणि पदरात काहीतरी घेऊन यायची. अंबाडी, चवळीच्या शेंगा, शेंदाड. ज्वारी माझ्यापेक्षा उंच झाली. मी तिच्यात शिरून उभी राहायची आणि वर बघायची. कणसांत दूध भरलं. मी अव्वांना फोन करून ओरडूनच सांगितलं, "अव्वा, कणसं भरली!"

आणि मग पाखरं आली.

आधी चिमण्या आल्या, मग पोपट, मग भोरड्यांचे थवेच्या थवे. भोरड्यांचा थवा उतरला की सबंध रान काळं होतं आणि उठला की नुसता वाऱ्यासारखा आवाज. मी गोफण घेऊन रानात मेढी रोवून बांधलेल्या माळ्यावर चढले. गोफण मला येत नव्हती, पहिला दगड माझ्याच पाठीत बसला. आई पत्र्याचा डबा वाजवत ह्या टोकाहून त्या टोकाला पळायची. आम्ही इकडनं उठवलं की थवा तिकडं बसायचा. जाणार कुठं? रस्त्यापासनं ओढ्यापर्यंत सगळं सोयाबीन, आणि मधे एकच एकर दाण्याचं. आसपासच्या सगळ्या गावांची पाखरं आमच्याकडं जेवायला होती. दहा-बारा दिवसांत कणसांची नुसती भुसकटं राहिली. पोतं सोडा, दोन टोपल्याही ज्वारी निघाली नाही.

दादा बांधावर उभे राहिले, रिकामं कणीस हातात चोळलं आणि फुंकलं. म्हणाले, "चला. पाखरांची दिवाळी झाली." ते टोमणा मारत नव्हते. त्यांनाही वाईट वाटलं होतं, ते मला जास्त लागलं. घरी येऊन म्हणाले, "आता ठरल्यापरमानं. पुढल्या साली सोयाबीन."

बोलली ती आई.

"म्या एक इचारू?" ती म्हणाली. "ह्या चार म्हयन्यांत म्या भाजीला दुकानात गेले का?"

दादा म्हणाले, "आँ?"

"गेले का? सांगा. मुगाची डाळ आणली का? उडदाची? जवारी पाखरांनी खाल्ली, मान्य. पाटा न्हाय खाल्ला. तूर अजून उभी हाय." मग जरा थांबून, "अन घागर घेऊन म्या मधी बसत न्हाय आता. तुमी बघितलं न्हाय, म्या सांगते."

गोळ्या चालू होत्या, त्याचं श्रेय गोळ्यांनाही द्यायला हवं. पण रोजची हिरवी भाजी आणि मुगाचं वरणही तिच्या पोटात गेलं होतं, आणि रानात खुडता खुडता ती तिथंच कच्च्या शेंगाही खायची. दादांनी तिच्याकडं बघितलं. नीट बघितलं. मग म्हणाले, "एक साल. फकस्त एक."

मी दुसऱ्याच दिवशी अव्वांकडं गेले. खाली मान घालून सगळं सांगितलं. मला वाटलं त्या हळहळतील. त्या पोट धरून हसल्या.

"अय्यो! एकटीनंच पेरलीस? सगळ्या शिवारात एकच ताट वाढलंस, मग पंगत तिथंच बसणार की!"

"मग तुमच्याकडं पाखरं नाहीत का?"

"हायेत की. आमच्या शिवारात तीस घरं पेरतात. पाखरू खातंच, त्याचंबी पोट हाय. पर सगळ्यांच्यात थोडं थोडं खातं. एकाच वक्ताला पेरायची, एकाच वक्ताला निसवाय पायजे. म्हंजे कुणाएकाचं संपत न्हाय."

मला चक्क टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. बियाणं चांगलं होतं, रान चांगलं होतं, आईची मूठ चांगली होती. चूक एवढीच की मी एकटीनं पेरली होती! आता फक्त गावातल्या दहा-पंधरा बायकांनी पेरायचं होतं. फक्त!

संक्रांत आली. आमच्याकडं संक्रांतीपासनं रथसप्तमीपर्यंत बायका हळदी-कुंकवाला एकमेकींकडं जातात आणि वाण लुटतात, म्हणजे येणाऱ्या प्रत्येकीला काहीतरी वस्तू देतात. हल्ली प्लास्टिकचे डबे, चहाची गाळणी. आमच्या मांडणीत एकावर एक सात गाळण्या होत्या. मी आईला म्हणाले, "ह्या वर्षी आपण बियाणं लुटू. वाण कुणी नाही म्हणत नाही." आईला ते एकदम पसंत पडलं. अव्वांनी ह्या खेपेला परत दिलेल्या बियाण्यातनं आम्ही एकवीस पुड्या बांधल्या. पिवळी ज्वारी, मूग, चवळी, तीळ, कारळ, अंबाडी, सगळं एकत्र. प्रत्येक पुडीत मी एक चिठ्ठी घातली, सुंदर अक्षरात: 'मृगात पेरावे.' पदवीधर ना मी! लिहिलं म्हणजे झालं, असं मला वाटायचं.

संध्याकाळी बायका आल्या. हळद-कुंकू, तिळगूळ, पुडी, आणि चालल्या पुढच्या घरी. प्रत्येकीला आणखी दहा घरं गाठायची होती. मला भाषण करायचं होतं, पण ऐकायला उभं कोण राहतंय?

दोन दिवसांनी हापशावर गेले. शेजारच्या काकू घागर भरत होत्या. मला बघून म्हणाल्या, "बाई, तुमचं वाण लई ग्वाड लागलं."

"लागलं म्हंजी?"

"म्हंजी खिचडी टाकली की. जरा भरडून घेतलं, लसूण घातला. भोगीला राह्यलं व्हतं तसलं, म्हणलं आता खावं."

मी हातातली घागर खाली ठेवली. "काकू, ते पेरायचं होतं! आत चिठ्ठी होती!"

"चिठ्ठी व्हय? त्यानं चूल पेटिवली."

मागनं दुसरी वहिनी म्हणाली, "आमीबी खाल्लं. पर त्यातलं ते आंबाडीचं बी दातात बसतंय. पुढल्या बारीला तेवढं निवडून द्या."

सगळ्या हसल्या. मला रडू येत होतं. पुढच्या दोन दिवसांत हिशोब लागला: एकवीस पुड्यांपैकी सतरा खाल्ल्या, तीन कोंबड्यांनी खाल्ल्या आणि एक देव्हाऱ्यात, कारण त्या मावशींना वाटलं वाण असं लगेच वापरू नये. अव्वांनी वर्षभर धुरात जपलेलं बियाणं माझ्या गावानं एका दिवसात गिळलं होतं.

पण त्याच वेळी हापशावर काकूंची सून, तीच वाटीवाली, माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "अजून एक पुडी हाय का? सासऱ्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. गेले दोन म्हयनं ते ताटाला हात लावून उठत्यात. म्हणले, ही माझ्या आईची खिचडी हाय."

तिच्यामागं आणखी दोघी. "आमालाबी द्या." "ते काळं काळं बारीक काय व्हतं, कारळ का? त्याचीच चटणी करायची माझी आई." "पिवळी जवारी म्हणत्यात ती हीच का? म्या तर लहानपणी बघितलेली."

मी एवढी हुशार, चिठ्ठ्या लिहीत बसले होते. आणि ह्यांनी चाखून उत्तर काढलं होतं! माझं रडू कुठल्याकुठं गेलं. मी हापशाच्या कट्ट्यावर चढूनच बोलले, "पुडी नाही. पुडी एका दिवसात संपते. पोतं पाहिजे का पोतं? मग रविवारी आमच्या घरी जेवायला या."

रविवारी आईनं आमच्या पाट्यातल्या तुरीचं वरण केलं, वाळवलेल्या अंबाडीची भाजी केली, तिळाची चटणी केली. ज्वारी आमची नव्हती. ती अव्वा एस.टी.नं घेऊन आल्या, पिशवी डोक्यावर धरून. चौदा बायका जेवल्या. अव्वांनी भाषण-बिषण केलं नाही. भाकरी वाढता वाढता पाखरांची गोष्ट सांगितली: एकटीनं पेरलं की पंगत एकाच ताटावर. ते बायकांना लगेच कळलं. माझ्या तक्त्यानं कळलं नसतं.

"पर मालक देतील का रान?" एकीनं विचारलं.

"मागून तर बघ," अव्वा म्हणाल्या. "भाकरी मागतो तवा तो तुला इचारतो का, पीठ हाय का?"

पुढं महिनाभर गावात घराघरात हीच बोलणी. ती वाटीवाली सून एक दिवस धावतच सांगायला आली. "मालक म्हणले, अर्धाच एकर देतो. म्या म्हणलं, बरं हाय, मग मी अर्ध्याच भाकरी थापते. तर दिला एक एकर!" कुणाला एकर मिळाला, कुणाला अर्धा, एकीला फक्त बांधालगतच्या दहा ओळी. शेवटी आम्ही नऊ जणी उरलो. सगळ्यांची रानं ओढ्याच्या कडेनं, एकाला एक लागून. बियाणं अव्वांनी त्यांच्या गावातल्या घराघरातनं शेर-दोन शेर जमवून दिलं. ह्या वेळी मी चिठ्ठी लिहिली नाही. प्रत्येकीच्या घरी जाऊन तोंडानं सांगितलं, "खायचं नाही." तरी एकीनं हसत विचारलंच, "मूठभरबी न्हाय?"

मृगात चार दिवसांत नऊ रानं पेरून झाली. तीच मागून आणलेली तिफण ह्या रानातनं त्या रानात. मागं ओटी बांधलेल्या बायका. ज्यांना मूठ सोडता येत नव्हती त्यांना आई शिकवत होती. माझी आई, जी ओट्यावर मधे बसायची, ती त्या दिवशी नऊ रानांतनं चालली आणि वर मलाच म्हणाली, "तुझी मूठ लई सैल हाय. बी सांडतंय."

कणसं भरायला लागली तसा माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आम्ही पाळ्या लावल्या. नऊ माळे, नऊ जणी, सकाळी दिसायला लागल्यापासनं ऊन चढेपर्यंत, आणि परत उतरत्या उन्हात. एका माळ्यावर डबा वाजला की दुसऱ्यावर गोफण सुटायची, आणि मधे ओरडून गप्पा. "ए, तुझ्याकडं पोपट आले बघ!" "पाठिव की इकडं, पाव्हणं हायेत!" एका सकाळी भोरड्या आल्या. मी डबा हातात धरून बघत होते. थवा ओढ्यावरनं वळला, एक घिरटी घातली आणि फुटला. थोडा माझ्या रानात उतरला, थोडा वाटीवालीच्या, थोडा थेट शेवटच्या रानात. डबे वाजले, थवा उठला आणि पार ओढ्यापल्याड गेला. परत आला, परत फुटला. मी माळ्यावर उड्या मारत होते आणि खालनं दादा ओरडत होते, "माळा पाडशील, खाली उतर!"

पाखरांनी खाल्लं. खाल्लं नाही असं मी म्हणणार नाही. पण दिवाळीच्या आधी कणसं खुडून मळणी झाली तेव्हा आमच्या एका एकरात साडेचार पोती ज्वारी निघाली. दादांनी पोती स्वतः शिवली. कडब्याच्या पेंढ्या रचताना त्यांनी म्हशीपुढं एक टाकली, आणि ती ज्या वेगानं तुटून पडली ते बघून पहिल्यांदा मोठ्यानं हसले. मूग, उडीद आधीच डब्यांत होते. तूर थंडीत आली.

पण अट वर्षाची होती. थंडीभर आम्ही ऐटीत भाकरी खाल्ल्या. उन्हाळ्यात भाऊ पुण्याहून मित्र घेऊन आला. त्या मित्रानं अंबाडीची भाजी चार वेळा घेतली आणि आईनं त्याला आनंदानं वाढली, पण मी मनात पोतं मोजत होते. श्रावणात शेवटचं पोतं अर्ध्यावर आलं. पुढच्या महिन्यात तळ दिसायला लागला. आई दळणाला ज्वारी काढताना माप अगदी काठाशी सपाट करायची. एके दिवशी दादा जेवताना म्हणाले, "आज मला एकच भाकर." आई म्हणाली, "दोन खावा. म्या मोजून ठिवलंय." आणि तिनं दुसरी भाकरी त्यांच्या ताटात टाकली. तिनं खरंच मोजून ठेवलं होतं. शेवटचं दळण गिरणीला गेलं त्याच्या तिसऱ्या दिवशी नवी ज्वारी मळून घरात आली. त्या वर्षी ओढ्याकडंची रानं नऊ नव्हती, सोळा होती.

तेल आम्ही अजून विकत आणतो. साखर, चहा, मीठही. तेवढं मी खरं सांगते. पण त्या दिवाळीपासनं ह्या दिवाळीपर्यंत आमच्या घरात दुकानातली ज्वारी आली नाही आणि दुकानातली डाळ आली नाही. ओढ्याकडचा एकर आता आईचा आहे.